फॉक्सप्रो आणि डॉट नेट : न झालेलं स्थलांतर

गोदाम विभागातल्या सगळ्या कामगारांचा पगार दहा टक्क्यांनी वाढवायचा आहे. फॉक्सप्रोत त्यासाठी टेबल उघडायचं आणि एक ओळ लिहायची: ‘रिप्लेस ऑल’, पुढे पगाराच्या रकान्याचं नाव, ‘विथ’नंतर नवा हिशेब आणि ‘फॉर’नंतर विभागाची अट. झालं काम. सर्व्हरशी जोडणी करा, माहिती मागवा, ती मेमरीतल्या एखाद्या रचनेत भरा, एकेका नोंदीवरून फिरा, बदल परत पाठवा, यातलं काही नाही. कारण फॉक्सप्रोत डेटाबेस ही बाहेरची वस्तू नव्हतीच. तो भाषेच्या आतच नांदत होता.

मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००२ मध्ये डॉट नेट बाजारात आणलं आणि या भाषेवर पोट असलेल्या जगभरच्या प्रोग्रॅमरांपुढे एक प्रश्न उभा राहिला. फॉक्सप्रो या नव्या व्यासपीठावर जाणार का, आणि मुळात तिने जावं का? पाच वर्षं त्यावर कडाक्याचे वाद झाले. मार्च २००७ मध्ये कंपनीने व्हिज्युअल फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती निघणार नाही, असं जाहीर केलं. वाद तिथे थांबला, प्रश्न मात्र थांबला नाही. फॉक्सप्रोत लिहिलेले हिशेब अजून चालू आहेत आणि ते सांभाळणाऱ्यांना कधी ना कधी या प्रश्नाला भिडावंच लागतं.

या भाषेचं मूळ अमेरिकेतल्या पॅसाडेना इथल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत आहे. तिथे काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांना फुटबॉलच्या पैजेसाठी सामन्यांचे आकडे हाताळायचे होते. प्रयोगशाळेत ‘जेपीएलडीआयएस’ नावाची एक माहितीप्रणाली मोठ्या संगणकावर चालत असे. तिच्या धर्तीवर रॅटलिफ यांनी घरच्या छोट्या संगणकासाठी ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तोच ‘डीबेस टू’ या नावाने विकला. ओहायोतल्या पेरिसबर्गच्या फॉक्स सॉफ्टवेअरने डीबेसचीच बोली बोलणारी, पण वेगात तिला कितीतरी मागे टाकणारी फॉक्सबेस आणि नंतर फॉक्सप्रो काढली. ही कंपनी उभी करणारे डेव्ह फुल्टन संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९९१ च्या फॉक्सप्रो २.० मध्ये ‘रशमोर’ हे तंत्र आलं. शोधाची अट आणि इंडेक्स जुळले की मूळ नोंदी न वाचता नुसत्या इंडेक्सवरून उत्तर काढायचं, ही त्यामागची युक्ती. साध्या ३८६ यंत्रावर लाखो नोंदींमधून हवी ती माहिती डोळ्यांदेखत हजर होई.

मधल्या काळात अ‍ॅश्टन-टेटने फॉक्सवर खटला भरला होता. भाषेची बोली ही आपली मालमत्ता आहे, असा तिचा दावा होता. १९९१ मध्ये बोरलँडने अ‍ॅश्टन-टेट विकत घेतली, तेव्हा अमेरिकी न्याय खात्याने हा दावा सोडून द्यायची अट घातली. डीबेसची बोली त्यामुळे कोणा एकाची राहिली नाही, आणि याचा उपयोग दोन दशकांनी अनपेक्षित ठिकाणी झाला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर घेतलं आणि १९९५ मध्ये ऑब्जेक्टची जोड दिलेली व्हिज्युअल फॉक्सप्रो ३.० आली.

भारतात नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला जाणं म्हणजे बहुतेकांसाठी डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस किंवा फॉक्सप्रो शिकणं होतं. महाराष्ट्रातल्या पतसंस्था, सहकारी बँका, कारखान्यांची पगारपत्रकं, औषधांच्या घाऊक दुकानांचा साठा, अशा कितीतरी ठिकाणी या भाषेतले प्रोग्रॅम बसले. लिहिणारा बहुतेक एकटा असे. तोच स्क्रीन आखे, तोच रिपोर्ट काढे आणि वीज जाऊन इंडेक्स करप्ट झाला की ‘रीइंडेक्स मारायला’ही तोच धावत येई. सगळी साधनं एकाच डब्यात असल्यामुळे एका माणसाला हे जमत होतं. फॉक्सप्रोचं मोठेपण समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करायला हवी.

डॉट नेटची मांडणी मुळातच वेगळी होती. त्याच्या गाभ्याशी ‘कॉमन लँग्वेज रनटाइम’ नावाचं एक इंजिन आहे. भाषा कोणतीही असो, तिचा कंपायलर प्रोग्रॅमचं रूपांतर एका मधल्या, सर्वांना सामाईक अशा सांकेतिक रूपात करतो. प्रोग्रॅम चालू असताना इंजिन त्याचं यंत्रभाषेत भाषांतर करतं. मेमरी मोकळी करणं, चुका पकडणं, सुरक्षा तपासणं ही कामं इंजिनाकडे. फायदा उघड होता. सी शार्पमध्ये लिहिलेला भाग व्हिज्युअल बेसिकमधून सरळ वापरता येई. वेब, एक्सएमएल, सांकेतिकीकरण यांसाठी हजारो तयार क्लास हाताशी येत. कोबॉलसारख्या जुन्या भाषेचे कंपायलरही डॉट नेटसाठी निघाले. मग फॉक्सप्रोनेच काय घोडं मारलं होतं?

मेख इथे होती. कोबॉल डॉट नेटवर नेताना तिचं व्याकरण आणि आकडेमोड नेली की बरंचसं काम भागतं. फॉक्सप्रोच्या बाबतीत व्याकरण हा वरचा पापुद्रा आहे. खाली टेबलं, कर्सर, इंडेक्स, कुलुपं आणि व्यवहार सांभाळणारं एक अख्खं डेटाइंजिन आहे. ‘सीक’ किंवा ‘स्कॅन’ हे शब्द त्या इंजिनाच्या कळा आहेत. डॉट नेटमध्ये डेटाशी बोलायचा मार्ग म्हणजे एडीओ डॉट नेट. त्याची कल्पना अशी की माहितीची प्रत काढून आणायची, जोडणी सोडून द्यायची, बदल करायचे आणि नंतर ते परत पाठवायचे. वेबसाठी ही कल्पना उत्तम आहे. पण फॉक्सप्रोचा प्रोग्रॅमर जिवंत टेबलावर बोट ठेवून काम करत होता आणि त्या पद्धतीला इथे जागाच नव्हती.

दुसरी अडचण भाषेच्या लवचिकपणाची. फॉक्सप्रोत ‘अँपरसँड’ चिन्ह लावलं की एखाद्या चलात साठवलेला मजकूर आयत्या वेळी प्रोग्रॅमचा भाग बनतो. टेबलाचं नाव, अट, अख्खी आज्ञा, काहीही असं घडवता येतं. एका प्रोसीजरमध्ये केलेलं ‘प्रायव्हेट’ चल तिने बोलावलेल्या पुढच्या सगळ्या प्रोसीजरना दिसतं. एकाच चलात सकाळी आकडा आणि दुपारी तारीख ठेवली तरी भाषा कुरकुरत नाही. २००२ चं डॉट नेट मात्र कोणत्या चलात काय राहणार, हे आधीच ठरवून मागत होतं. ऑब्जेक्टचीही तीच गत. फॉक्सप्रोत शेवटचा संदर्भ सुटला की ऑब्जेक्ट त्याच क्षणी नष्ट होतो आणि त्याचा ‘डिस्ट्रॉय’ प्रसंग लगेच घडतो. अनेकांनी फाइल बंद करणं, कुलूप सोडणं ही कामं तिथेच लिहिली होती. डॉट नेटमध्ये कचरा उचलणारा त्याच्या सवडीने येतो.

हे सगळं बाजूला सारून भाषा नव्या इंजिनावर ढकलली तर काय होतं, याचं उदाहरण शेजारीच घडत होतं. व्हिज्युअल बेसिक ६ ही त्या काळची अतिशय लोकप्रिय भाषा. तिला डॉट नेटवर नेताना ‘इंटिजर’ १६ बिटांचा ३२ बिटांचा झाला. कशालाही सामावून घेणारा ‘व्हेरिअंट’ गेला. अ‍ॅरेची सुरुवात हव्या त्या अंकापासून करायची सोय गेली, स्क्रीनवरच्या कंट्रोलचे संच गेले. जुना प्रोग्रॅम रूपांतर करणाऱ्या विझार्डमधून काढला की त्याच्या अंगावर जागोजागी ‘अपग्रेड इश्यू’ अशा टिपा चिकटलेल्या सापडत. लोकांनी या नव्या भाषेला ‘व्हिज्युअल फ्रेड’ असं नाव ठेवलं. बेसिक म्हणवून घ्यावं इतकी ती बेसिक राहिलेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच गौरवलेल्या अनेक तज्ज्ञांनी जुनी भाषा पुढे चालू ठेवा, असा अर्ज केला. त्याला यश आलं नाही. मार्च २०२० मध्ये कंपनीने सांगून टाकलं की व्हिज्युअल बेसिक डॉट नेटवर चालत राहील, पण भाषा म्हणून तिची वाढ होणार नाही. म्हणजे नाव नव्या घरी गेलं, सवयी आणि जुने प्रोग्रॅम मागे राहिले, आणि एवढं करूनही भाषेला दीर्घायुष्य लाभलं नाही.

त्यामुळे फॉक्सप्रोला डॉट नेटची भाषा न करण्याचा निर्णय बरोबर होता, असंच म्हणावं लागतं. व्हिज्युअल फॉक्सप्रो ७ आधी व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेटच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये होती. ती त्यातून बाहेर काढून २००१ मध्ये स्वतंत्रपणे विकायला ठेवली गेली. तेव्हा पुष्कळांना तो वनवास वाटला. प्रत्यक्षात पुढच्या दोन आवृत्त्यांमध्ये भाषेने भरपूर कमावलं. २००३ च्या आठव्या आवृत्तीत चुका पकडण्यासाठी ‘ट्राय-कॅच’ आलं. बाहेरच्या डेटाबेसशी सलगी करणारा ‘कर्सर-अ‍ॅडॉप्टर’ आला आणि डॉट नेटच्या डेटासेटशी देवघेव करणारा ‘एक्सएमएल-अ‍ॅडॉप्टर’ही आला. नववी आवृत्ती २००४ च्या अखेरीस निघाली. तिच्यात एसक्यूएलवरच्या अनेक मर्यादा उठल्या आणि रिपोर्टच्या यंत्रणेचा कायापालट झाला. स्वतःचं घर न सोडता शेजाऱ्याशी व्यवहार वाढवायचा, असं ते धोरण होतं. ते चाललंही.

चूक झाली ती नंतर, आणि ती अधिक चुटपुट लावणारी आहे. २००७ च्या मार्चमध्ये विकास थांबवल्याची घोषणा झाली. ऑक्टोबरमध्ये शेवटचा मोठा दुरुस्ती संच आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डॉट नेट ३.५ बरोबर ‘लिंक’ हे तंत्र आलं आणि सी शार्पच्या वाक्यात ‘फ्रॉम, व्हेअर, सिलेक्ट’ असे डेटाचे शब्द लिहिता येऊ लागले. प्रश्न विचारण्याची बोली भाषेच्या आतच हवी, ही फॉक्सप्रोची जुनी धारणा नव्या व्यासपीठाने आपल्या परीने मान्य केली. एप्रिल २०१० मध्ये डॉट नेट ४ आलं. त्याच्यासोबत लवचिक भाषांसाठीचा ‘डायनॅमिक लँग्वेज रनटाइम’ही आला. चलात काय आहे हे आयत्या वेळी ठरवायची सोय आता इंजिनातच होती. २००२ मध्ये जे जवळजवळ अशक्य होतं, ते २०१० मध्ये निदान करून पाहण्याजोगं झालं होतं. पण तोवर फॉक्सप्रोवर काम करणारा संघच उरला नव्हता आणि मूळ इंजिनाचा सोर्स कोडही कंपनीने खुला केला नाही. स्पॅनिश भाषक प्रोग्रॅमरांनी ‘मास फॉक्सप्रो’ नावाने सह्यांची मोहीम चालवली, तीही वाया गेली. नववी आवृत्ती १३ जानेवारी २०१५ ला अधिकृत आधाराबाहेर गेली.

मग जे कंपनीने केलं नाही ते बाहेरच्यांनी हाती घेतलं. डीबेसची बोली मोकळी राहिल्याचा फायदा इथे दिसला. ‘एक्स शार्प’ हा खुला प्रकल्प डीबेस, क्लिपर, व्हिज्युअल ऑब्जेक्ट्स अशा एकाच कुळातल्या भाषा डॉट नेटवर आणतो. त्यात फॉक्सप्रोचीही बोली आहे. त्याचा कंपायलर ‘रॉझलिन’वर बांधलेला आहे. रॉझलिन म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये खुला केलेला सी शार्पचा कंपायलर. एक्स शार्पच्या कर्त्यांनी फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींमधली टेबलं आणि त्यांचे इंडेक्स वाचणारं स्वतःचं इंजिन डॉट नेटमध्ये नव्याने लिहिलं, आणि यातच त्यांची समज दिसते. व्याकरणाबरोबर इंजिन न्यावं लागेल, हे त्यांनी पहिल्यापासून ओळखलं. फॉक्सप्रोचे फॉर्म आणि रिपोर्ट मात्र सहजासहजी सोबत येत नाहीत. जुन्या प्रोग्रॅममधला निम्मा जीव तिथेच असल्यामुळे ही उणीव लहान नाही.

दुसरी वाट पुलाची आहे. वेस्ट विंड कंपनीच्या रिक स्ट्राल यांचं एक खुलं साधन डॉट नेटचं इंजिन फॉक्सप्रोच्याच प्रोसेसमध्ये उठवतं. फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम मग डॉट नेटचे क्लास स्वतःचेच असल्यासारखे वापरतो. भारतात याची गरज जीएसटीमुळे ठळक झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना इतर व्यावसायिकांना माल विकताना ई-इनव्हॉइस करावं लागतं. त्यासाठी बिलाची माहिती जेसन या रूपात पाठवून नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मिळवायचा असतो. फॉक्सप्रोत जेसन समजणारी अंगभूत आज्ञा नाही. त्या भाषेने शेवटची कात टाकली तेव्हा जेसनचा असा सार्वत्रिक वापर सुरूही झाला नव्हता. इंटरनेटवरची देवघेव आणि सांकेतिकीकरण डॉट नेटच्या छोट्या भागाकडे द्यायचं, आणि बिलाचा हिशेब जिथे वर्षानुवर्षं बिनचूक चालतो तिथेच ठेवायचा, ही अशा वेळी सर्वांत कमी जोखमीची वाट ठरते.

मराठी नावं असलेल्या टेबलांपुढे आणखी एक अडचण आहे आणि तिथे पूल पुरत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो नऊचे स्वतःचे रकाने आणि मजकुराच्या चौकटी युनिकोड जाणत नाहीत. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून डीबेसमध्ये देवनागरी साठवता येई, ती ‘इस्की’ संकेतात. विंडोजवर आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरच्या फाँटांनी अक्षरांच्या आकारांनाच क्रमांक दिले. या दुसऱ्या पद्धतीत शब्द दिसतो तसा साठतो. ‘किरण’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, म्हणून फाइलमध्येही ती आधी जाते आणि ‘क’ नंतर. परिणाम असा की यादी अकारविल्हे लावली तर किरण, निशा आणि विजय एकमेकांशेजारी येतात, आणि कमल भलतीकडेच राहते. डॉट नेटमधला प्रत्येक मजकूर युनिकोड असतो. तिथे न्यायचं तर एकेका फाँटचा तक्ता घेऊन वेलांट्या आणि रफार जागेवर आणावे लागतात. लांबीचंही गणित बदलतं. ‘महाराष्ट्र’ हा शब्द इस्कीत १० बाइटांत मावतो, यूटीएफ-८ मध्ये त्याला ३० बाइट लागतात. पंचवीस बाइटांच्या रकान्यात तो कोंबला तर अक्षराच्या मधूनच तुटतो. भूमापनाच्या, खातेदारांच्या, सभासदांच्या याद्या हा सार्वजनिक ठेवा आहे. तो अशा फाँटांमध्ये अडकून पडू देणं परवडणारं नाही. स्थलांतराच्या बाजूने बोलणारी सगळ्यांत बळकट गोष्ट हीच आहे.

बाकीची कारणंही हलकी नाहीत. फॉक्सप्रोचं टेबल दोन जीबीच्या पुढे वाढत नाही. डीबीएफ फाइल सामाईक फोल्डरमध्ये पडलेली असते आणि तिथे हात पोहोचणारा कुणीही ती उचलून नेऊ शकतो. प्रोग्रॅम ३२ बिटांचा आहे. विंडोज ११ वर व्हिज्युअल फॉक्सप्रो नऊ अजून चालते. डॉसची फॉक्सप्रो मात्र ६४ बिटांच्या विंडोजवर कुठल्या तरी नकली डॉसखेरीज उघडतही नाही. आणि ही भाषा जाणणारा माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतो.

म्हणून भाषेने नवं व्यासपीठ स्वीकारावं का, यापेक्षा कोणता थर आधी हलवायचा, हे ठरवणं कार्यालयांच्या जास्त कामाचं आहे. आधी डेटा. टेबलं पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेऊन फॉक्सप्रोचे स्क्रीन ‘कर्सर-अ‍ॅडॉप्टर’ने त्यांना जोडता येतात. वापरणाऱ्याची सवय मोडत नाही आणि दोन जीबीची भिंत व उघड्या फाइलींचा धोका एकाच वेळी जातो. नंतर नियम आणि हिशेब, शेवटी स्क्रीन. सगळं एका रात्रीत नव्याने लिहून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणं महागात पडतं, कारण जुन्या प्रोग्रॅमचे बहुतेक नियम कुठेही लिहिलेले नसतात. ते भाषेच्या स्वभावात मुरलेले असतात.

फॉक्सप्रोत तारीख चक्क रिकामी असू शकते. ‘कर्ज फिटलं नाही’ याची खूण म्हणून ती रिकामी ठेवलेली असते. डॉट नेटच्या तारखेला रिकामं राहता येत नाही. तिथे जाणीवपूर्वक वेगळी सोय केली नाही, तर सन १ च्या १ जानेवारीला सगळी कर्जं फिटलेली दिसतील. फॉक्सप्रोत ‘एक्झॅक्ट’ बंद असताना ‘पाटील सुरेश’ आणि ‘पाटील’ यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं तर उत्तर ‘खरं’ येतं, कारण तुलना उजवीकडचा मजकूर संपेपर्यंतच होते. सी शार्प त्यालाच ‘खोटं’ म्हणेल आणि आडनावाचा शोध रिकामा परतेल. सर्वांत कपटी फरक पूर्णांकनाचा आहे. अडीच रुपये व्याज पूर्ण रुपयात करायला सांगितलं तर फॉक्सप्रोचं ‘राउंड’ तीन देतं. डॉट नेटचं ‘मॅथ राउंड’, काही न सांगितल्यास, जवळच्या सम आकड्याकडे झुकतं आणि दोन देतं. साडेतीनला मात्र दोघंही चारच म्हणतात, त्यामुळे चार-दोन नमुने तपासून हा घोळ हाती लागत नाही. दोन्ही प्रोग्रॅम एकाच महिन्याच्या सगळ्या खात्यांवर शेजारी शेजारी चालवले आणि व्याजाची बेरीज ताडून पाहिली, तरच तो उघड होतो. मग नव्या कोडमध्ये प्रत्येक ‘राउंड’जवळ अर्धा रुपया वरच्या बाजूला न्यायचा, असं स्पष्ट लिहावं लागतं.